न उतरलेले वृषण
गर्भावस्थेत मूत्रपिंडानजीक उदरात निर्माण झालेले वृषण जन्मापूर्वी जांघेच्या वाटेने वृषणकोशात उतरावे, हा निसर्गाचा शिरस्ता; परंतु पूर्ण दिवसांच्या १०० मुलग्यांपैकी सुमारे ३ जणांत तो मोडतो. पहिल्या ६ महिन्यांत ते पुष्कळदा आपण होऊन उतरते. त्यापुढे वाट पाहणे व्यर्थच नव्हे, तर अहितकारकही ठरते, कारण शरीराच्या उष्णतेत बीजपेशी क्षीण होऊन पुढे वंध्यत्वाचा व कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून ६ ते १८ महिन्यांच्या वयात, बालकास भूल देऊन, जांघेत लहानसा छेद घेऊन, रक्तवाहिन्या व शुक्रवाहिनी यांस धक्का न लावता शल्यविशारद वृषण मोकळे करतो आणि कोशाच्या त्वचेखालील कप्प्यात ते स्थिर करतो. हातास न लागणारे वृषण मात्र दुर्बिणीने पोटात शोधावे लागते. वयात आल्यावर स्वतः तपासणी करीत राहण्याची ताकीद पालकांनी मुलास अवश्य द्यावी.