घराजवळचं रान

सहल म्हटली की आपल्या घरांत महाबळेश्वर-माथेरानच्या गोष्टी सुरू होतात. मग सुट्टी, गाडी, हॉटेल यांचा हिशेब होतो आणि बेत पुढच्या वर्षावर जातो. मुंबई-ठाण्यात राहणाऱ्यांना मात्र लोकलच्या तिकिटात रान गाठता येतं. बोरिवली पूर्वेला, स्टेशनपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं हे जंगल, कान्हेरीची लेणी आणि मुंबईला पाणी देणारे तुळशी व विहार तलाव त्याच्याच पोटात.

आम्ही काही कुटुंबं महिन्यातून एका रविवारी फजरनंतर निघतो आणि जोहरपर्यंत घरी परततो. यात खरा फायदा बायकांचा होतो. डॉक्टर रोज चालायला सांगतात. पण गल्लीत जागा नसते, आणि एकटीनं फिरायचा संकोचही वाटतो. इथं सासू, सून, नात सगळ्या सोबत चालतात. गुडघे दुखणाऱ्यांनी दाराजवळच्या सपाट रस्त्यावर अर्धा तास चालावं, तेवढंही पुरे.

मुलांना मोबाइल ठेवायला सांगून उपयोग नसतो. बघायला काही तरी द्यावं लागतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी पळस आणि काटेसावर लाल होतात. कारवी साधारण आठ वर्षांनी एकदाच फुलते. इथं ती २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. आज आठ वर्षांचं असलेलं मूल पुढचा बहर बघेल तेव्हा बरंच मोठं झालेलं असेल!

थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली १८९६ मध्ये मुंबईतच जन्मले. पिवळ्या कंठाच्या एका चिमणीची जात विचारायला ते लहानपणी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथून त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. असा प्रश्न आपल्या मुलांनाही पडू शकतो, पण त्यासाठी चिमणी दिसायला तर हवी.

काही गोष्टी पाळाव्यात. उद्यान सोमवारी बंद असतं. शिलोंडासारख्या आतल्या वाटांना आधी परवानगी लागते. इथं बिबटे आहेत. मुलांना पुढे एकटं पळू देऊ नये, अंधारापूर्वी बाहेर पडावं. माकडांना खायला घालू नये. पाणी, खजूर, चपाती-भाजी घरून न्यावी आणि कचरा परत आणावा.

शहर वाढतंय, तसा जंगलावरचा दाब वाढतोय. ज्या रानात आपली मुलं कधी चाललीच नाहीत, ते उद्या तुटू लागलं तर त्यांना त्याचं दुःख तरी कसं व्हावं? येत्या रविवारी त्यांना घेऊन निघा.