खाडा नको, रजा घ्या

पावसाळा लागला की आमच्या महाड-पोलादपूर भागातील कामगारांच्या मस्टरवर खाड्यांची गर्दी होते. कुणाची लावणी असते, कुणाला ताप असतो, कुणाची एस.टी. अर्ध्या वाटेवरून परत गेलेली असते. पाऊस संपतो न संपतो तोच भातकापणी येते. मग मे महिन्यात लग्नसराई. एप्रिलमध्ये भीमजयंती, वैशाखात बुद्धपौर्णिमा, डिसेंबरात चैत्यभूमीला जाणे. या साऱ्या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांसाठी माणसाला सुट्टी लागतेच. पण सुट्टी घेण्याचे दोन मार्ग आहेत. एक, सांगून आणि लिहून घेणे. त्याला रजा म्हणतात. दुसरा, घरी बसून राहणे. त्याला खाडा म्हणतात. दिवस तेवढेच जातात, पण रजेने माणसाची नोकरी टिकते आणि खाड्याने जाते.

गेली अनेक वर्षे मस्टर आणि पगारपत्रक भरण्याचे काम माझ्याकडे आहे, आणि संध्याकाळी वस्तीतल्या बांधवांचे अर्ज लिहून देणे हेही काम आहे. दोन्हीकडून एकच गोष्ट दिसते. नोकरी गेलेली बहुतेक माणसे आळशी नसतात. ती आजारी असतात, पण त्यांच्या आजाराचा कागद नसतो. एका कारखान्यात ठेकेदाराकडे काम करणाऱ्या एका तरुणाला कावीळ झाली. घरच्यांनी गावठी औषध सुरू केले, केसपेपर काढला नाही, कामावर कुणी कळवले नाही. तेरा दिवसांनी तो गेटवर गेला तेव्हा त्याच्या जागेवर दुसरा मुलगा उभा होता. आजार खरा होता, डोळे अजून पिवळे होते; पण मस्टरवर फक्त तेरा खाडे होते. मस्टरला डोळे दिसत नाहीत, कागद दिसतो.

रजा ही मेहेरबानी नव्हे

आपल्यातील पुष्कळ माणसे रजा मागताना खाली मान घालतात. जणू काही साहेबाकडे उसने मागत आहेत! बंधू-भगिनींनो, पगारी सुट्टी हा हक्क कसा आला, ते ध्यानात घ्या. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४५ साली, फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती होऊन बारा महिने सलग नोकरी केलेल्या प्रौढ कामगाराला वर्षाला १० दिवस पगारी सुट्टी मिळाली. कामगारांच्या आजारविम्याची योजना तयार करण्यासाठी १९४३ साली प्रा. अदारकर यांची नेमणूक झाली, तीही बाबासाहेबांच्याच खात्यात. त्या अहवालावरून पुढे १९४८ चा ई.एस.आय. कायदा आला. आणि हजेरी, उशीर, रजा यांचे नियम मालकाने तोंडी न ठेवता लेखी करावेत, असे सांगणारा स्थायी आदेशांचा कायदा १९४६ चा आहे. ज्या महाडात १९२७ साली माणसाला पाण्याचा हक्क मिळावा म्हणून सत्याग्रह झाला, त्याच महाडातील कामगाराने हा लेखी हक्क तोंडी विनवणीत घालवावा काय?

१९४८ च्या फॅक्टरी कायद्यात वर्षाला २४० दिवस काम भरल्यावर दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत ही २४० दिवसांची अट १८० वर आली आहे. नेमणूकपत्र देणेही आता बंधनकारक झाले आहे. उलट, लेखी स्थायी आदेशांची सक्ती नव्या संहितेत ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणीच उरली आहे. म्हणून लहान कारखान्यातल्या कामगाराने आपले नेमणूकपत्र मागून घ्यावे आणि त्यात रजेबद्दल काय लिहिले आहे ते कुणाकडून तरी वाचून घ्यावे.

आजारपणाचा हिशेब

आता थोडा हिशेब करू. पगारातून ई.एस.आय. कापली जाते याची अनेकांना चीड असते. १ जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के आहे. पगाराची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये झाली. समजा, पगार १५,००० आहे. कामगाराचे कापले जातात ११३ रुपये, मालक भरतो ४८८ रुपये.

हा कामगार १२ दिवस आजारी पडला. ई.एस.आय.च्या डॉक्टरचा दाखला असेल तर पहिले दोन दिवस सोडून दहा दिवसांचा आजारभत्ता मिळतो. भत्ता रोजाच्या ७० टक्के, म्हणजे ५०० च्या रोजाला ३५०. दहा दिवसांचे ३,५०० रुपये झाले. पहिल्या दोन दिवसांना शिल्लक भरपगारी रजा लावण्याची विनंती करावी. दाखला नसेल तर भत्त्याचा एक पैसाही हाती येत नाही. वर्षात असे ९१ दिवसांपर्यंत मिळते. क्षयासारख्या ठरावीक दीर्घ आजारांत, जुन्या विमाधारकाला, अटी पूर्ण असल्यास ८० टक्क्यांनी पुढेही भत्ता चालू राहतो.

पण याला एक अट आहे आणि खाड्यांचा खरा फटका तेथे बसतो. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तरच पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये आजारभत्ता मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या हजेरीवर जुलै ते डिसेंबरचा हक्क ठरतो. सहा महिन्यांत रविवार सोडले तर साधारण १५७ दिवस कामाचे येतात. ७८ म्हणजे त्याच्या निम्मे. नियमित येणाऱ्याला हे जड नाही. पण मे महिना लग्नात, जुलै लावणीत, ऑगस्ट पावसात, आणि मध्ये ठेकेदाराने दिलेला 'ब्रेक', असे झाले की ७८ चा आकडा गाठता गाठत नाही. मग फेब्रुवारीत ऑपरेशनची वेळ आली की समजते, की गेल्या पावसाळ्यातील खाडे आज भोवत आहेत.

म्हणून दर महिन्याला पगाराची पावती घ्या. त्यावर हजेरीचे दिवस बरोबर आहेत का आणि ई.एस.आय. कापली आहे का, ते पाहा. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तरी ती भरण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे विसरू नका.

कामावरचा अपघात हा खाडा नव्हे

हे विशेष सांगण्याचे कारण, आपला भाग रासायनिक कारखान्यांचा आहे. हातावर ॲसिड उडाले, वाफेने छाती भरली, शिडीवरून पाय घसरला, की पुष्कळदा माणसाला गोड बोलून घरी पाठवतात, "दोन दिवस आराम कर." आणि मस्टरवर खाडा लागतो. कामावरच्या दुखापतीला ७८ दिवसांची अट नाही. कामावर पहिलाच दिवस असला तरी हक्क आहे, आणि भत्ता ९० टक्के दराचा आहे. पण त्यासाठी अपघाताची नोंद त्याच दिवशी व्हायला हवी. सोबत काम करणाऱ्याने साक्षीला उभे राहावे. आज त्याचा हात भाजला, उद्या आपला असेल.

दुसरीही बाजू आहे. खाडा लागेल या भीतीने ताप अंगात घेऊन माणूस रात्रपाळीला येतो. रिॲक्टरजवळ, व्हॉल्व्हजवळ झोपाळलेल्या डोळ्यांचा माणूस उभा राहिला तर तो स्वतःला आणि दहा जणांना धोक्यात घालतो. अशा वेळी दाखला घेऊन घरी थांबणे हेच शहाणपण आणि तीच जबाबदारी.

कळवावे कसे?

पाळी सुरू होण्यापूर्वी कळवावे. फोन करावा, पण फोनवर थांबू नये. सुपरवायझरच्या मोबाइलवर दोन ओळी लिहून पाठवाव्यात : नाव, तारीख, कारण, किती दिवस. तो मेसेज पुसू नये. त्याच दिवशी ई.एस.आय.च्या दवाखान्यात जावे, ई.एस.आय. नसेल तर महाड किंवा पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयात केसपेपर काढावा. आजार लांबला तर रजा संपण्याआधी वाढवून मागावी. परत जाताना कामास योग्य असल्याचा दाखला न्यावा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्यावा. धम्माच्या कार्यक्रमासाठी रजा हवी असेल तर ६ डिसेंबरची रजा नोव्हेंबरात मागावी. तारीख वर्षभर आधी ठाऊक असते, मग अर्ज ५ तारखेच्या संध्याकाळी कशाला?

पुराचेही तसेच. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पाण्यात बुडाले, त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. तेव्हा कामावर कोण जाणार? अशा दिवसांचा अर्ज पाणी ओसरल्यावर लगेच द्यावा आणि रस्ता बंद असल्याचे त्यात लिहावे. महिन्याने सांगितलेले खरे कारणही सबबीसारखे वाटते.

आणखी एक नियम वस्तीत सर्वांनी जाणून घ्यावा. एक दिवसाच्या गैरहजेरीला एकाच दिवसाचा पगार कापता येतो; 'एका खाड्याला दोन दिवस' ही पद्धत बेकायदा आहे. परंतु दहा किंवा अधिक जणांनी मिळून, सूचना न देता, सबळ कारणाशिवाय दांडी मारली तर आठ दिवसांपर्यंत पगार कापण्याची मुभा कायद्यात आहे. एका वाडीतील बारा मुलांनी ठरवून हळदीनंतर घरी झोपणे महाग पडू शकते!

आदर्श स्थायी आदेशांत सलग दहा दिवसांपेक्षा अधिक विनापरवानगी गैरहजेरी हे गैरवर्तन मानले आहे. तरीही म्हणणे ऐकून न घेता मालक परस्पर नाव कापू शकत नाही. १९९३ साली डी. के. यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. आठ दिवसांहून अधिक गैरहजर राहिल्यास नोकरी आपोआप संपते, असा तेथील नियम होता. न्यायालयाने चौकशीशिवाय काढलेल्या त्या कामगाराला निम्म्या मागील पगारासह परत घ्यायला लावले. म्हणून नोटीस आली की घाबरून लपवू नये, मुदतीत लेखी उत्तर द्यावे.

आपल्यातील मुकादम आणि सुपरवायझर यांना

आज आपल्याच समाजातील मुले सुपरवायझर झाली आहेत, काहींनी लहान ठेके घेतले आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांच्यापुढे प्रश्न खरा असतो : सहा माणसांच्या कामाला चार आली तर पाळी चालवायची कशी? शिव्या देऊन हजेरी वाढत नाही. चार गोष्टी कराव्यात. प्रत्येक खाड्यासमोर कारण लिहावे. तीन महिन्यांनी वही उघडली की आजारी कोण आणि दांडीबहाद्दर कोण ते आपोआप दिसते. लावणी-कापणीच्या रजा आधीच पाळीपाळीने वाटून द्याव्यात. काम शिकलेल्या दोन-तीन बदली माणसांची यादी तयार ठेवावी. आणि परत आलेल्या माणसाशी चारचौघांत नव्हे, बाजूला घेऊन बोलावे. वारंवार खाडे करणाऱ्याच्या घरी कधी क्षयाची खोकी लपवलेली असते, कधी आजारी आईजवळ बसायला कुणी नसते.

भगवान बुद्धांनी राजगृहात सिगाल या गृहस्थपुत्राला केलेला उपदेश आपण विहारात ऐकतो. सहा दिशांपैकी खालची दिशा म्हणजे नोकर आणि कामगार. मालकाने शक्ती पाहून काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे आणि योग्य वेळी सुट्टी द्यावी, असे तथागतांनी सांगितले. त्याच उपदेशात कामगाराचीही कर्तव्ये आहेत : वेळेआधी उठावे, दिले तेवढेच घ्यावे, काम नीट करावे. अडीच हजार वर्षांपूर्वी आजारपण, सुट्टी आणि हजेरी यांचा विचार दोन्ही बाजूंनी झालेला आहे. एकाच बाजूचे कर्तव्य सांगणारा धम्म नाही.

घरच्या माणसांनी

सोमवारच्या खाड्याचे कारण रविवारच्या बाटलीत असते, हे आपल्या माता-भगिनींना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. अशा दिवशी "यांना ताप आहे" असा खोटा निरोप देऊ नये. पुढे खरा ताप आला की कुणी विश्वास ठेवत नाही. पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे दुखणे लपवून नव्हे, उपचाराने बरे करावे.

मूल आजारी पडले की दर वेळी आईनेच खाडा करायचा, ही रीतही बदलली पाहिजे. तीही कामाला जाते, तिचाही विमा आहे, तिचेही ७८ दिवस आहेत. एक दिवस तिने, एक दिवस त्याने रजा घ्यावी.

घरात एक जुनी वही घ्यावी. त्यात हजेरीचे दिवस, रजा, दवाखान्याच्या तारखा आणि विमा क्रमांक लिहावा. शाळेत जाणाऱ्या मुलीकडे हे काम द्यावे. ती हिशेब शिकेल आणि बापाचा हक्कही राखला जाईल. विहार समित्यांनी महिन्याचा एक रविवार यासाठी ठेवावा. वस्तीतल्या शिकलेल्या मुलांनी पगारपावत्या तपासून द्याव्यात, अर्ज लिहून द्यावेत. 'शिका' या शब्दाचा एक अर्थ आपली पगारपावती वाचता येणे हाही आहे.

जयभीम!