तार तीच, सूर निराळा

पवित्र मिस्साच्या प्रवेशगीताची पट्टी फार उंच लागली म्हणजे काय होते, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. पहिल्या कडव्यास सारे चर्च गाते. दुसऱ्यास वयस्कर पुरुषांचे गळे थांबतात. तिसऱ्यास गायकवृंदातील चार तरुण कंठ तेवढे उरतात. दोष भाविकांच्या भक्तीचा नसतो, पट्टीचा असतो. म्हणूनच विजेच्या गिटारीची पट्टी क्षणात बदलणारी जी एक लहानशी डबी अलीकडे तरुणांच्या पायांशी दिसू लागली आहे, तिचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पेटीवाल्यास ही अडचण नाही. स्केलचेंजर पेटीत पट्ट्यांची फळी सरकवली की बोटे तीच राहतात, सूर मात्र बदलतात. गिटारीचे तसे नाही. तिची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारे ८२.४ वेळा कंप पावते. तीच दोन अर्धस्वर खाली, म्हणजे ७३.४ कंपनांवर आणावयाची तर तिचा ताण सुमारे एक-पंचमांशाने सैल करावा लागतो. अशा सहाही तारा उतरवल्या की त्या पडद्यांवर खरखरू लागतात, आणि दोन गीतांच्या मध्ये एवढा वेळ तरी कोठून आणावा? दांड्यावर बसवावयाच्या कॅपो नावाच्या चिमट्याने पट्टी चढते, उतरत नाही.

ही डबी तारांस हातच लावत नाही. पूर्वी ग्रामोफोनची तबकडी हळू फिरली की गवयाचा आवाज खाली येई, पण गाणेही लांबे. आवाज उतरावा आणि वेळ मात्र तेवढाच लागावा, हे अंकगणिती यंत्राने साधले. गिटारीतून येणाऱ्या विजेच्या लहरीची ते सेकंदास हजारो वेळा मोजणी करते, ती स्मृतीत साठवते आणि साठवलेले जरा सावकाश वाचते. म्हणून सूर उतरतो. वाचन मागे पडू लागले की मधला बारीकसा तुकडा वगळून सांधा बेमालूम जुळवते. सूर चढवावयाचा असल्यास उलट करते : भरभर वाचते आणि तुकडे पुन्हा वापरते. अमेरिकेतील इव्हेन्टाइड कंपनीने १९७५ साली ‘एच ९१०’ नावाचे असे यंत्र ध्वनिमुद्रणगृहांसाठी बाजारात आणले. त्या काळी त्यास मोठी पेटी लागे. आज तेच काम पायाखालची डबी करते.

तथापि तिच्या मर्यादा ओळखाव्यात. जाड तारेच्या एका कंपनासच सुमारे १२ सहस्रांश सेकंद लागतात. यंत्रास ते ऐकून घ्यावे लागते, म्हणून सूर किंचित उशिरा उमटतो. अनेक तारा एकदम छेडल्या तर प्रत्येकीचे कंपन निराळे, सर्वांस एकच सांधा सोयीचा होत नाही, आणि आवाजात थरथर येते. शिवाय तारेवाटे जे जाते तेवढेच बदलते. लाकडी पोकळ गिटारीचा मूळ नाद खोलीत जुन्याच पट्टीत घुमत राहतो आणि दोन सूर एकमेकांशी भांडतात. सहा तारांपैकी एकच निराळी लावावयाची तर प्रत्येक तारेचा नाद स्वतंत्रपणे टिपावा लागतो. रोलॅन्ड कंपनीच्या १९९५ सालच्या ‘व्हीजी-८’ यंत्राने ती सोय केली. साध्या डबीत ती नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे : बेसूर गिटार ह्या डबीने सुरेल होत नाही. सारे सूर सारखेच सरकतात, त्यांबरोबर चूकही सरकते. तार आधी कानाने लावलीच पाहिजे. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत मेस्त मंडळी मुलांस सोल्फा व व्हायोलिन शिकवीत. त्यांनी प्रथम कान घडवले. मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांस पुढे उत्तम गोवेकर वादक लाभले, त्यामागे ही पुण्याई होती.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेसंबंधीच्या संविधानात पाइप ऑर्गनचा मान राखून, योग्य अधिकाऱ्यांच्या संमतीने इतर वाद्यांसही वाव दिला. अट एवढीच की ती पवित्र कार्यास साजेशी असावीत आणि भाविकांच्या उन्नतीस उपयोगी पडावीत. डबीसही हाच निकष लावावा. डी पट्टीतील गीत दोन अर्धस्वर उतरवावयाचे तर सी पट्टीतले स्वरमेळ वाजवले की झाले. हे ज्यास येते त्याने खर्च न केला तरी चालेल. ज्यास वरचेवर पट्टी बदलावी लागते, त्याने खुशाल ती घ्यावी, पण सराव दोन्हींचा ठेवावा.

गायकवृंदांस आमची एकच विनंती आहे. शनिवारच्या तालमीत गीतातील सर्वांत उंच सूर आधी एखाद्या आजीबाईंकडून व एखाद्या वृद्ध शेतकऱ्याकडून गाऊन घ्यावा. त्यांचा गळा जेथे सुखाने पोहोचतो, तीच त्या रविवारची पट्टी. तिसऱ्या कडव्यासही सारे चर्च गात राहिले, तर वाद्याने आपली सेवा पूर्ण केली असे समजावे.