मुंगी तर मुंगी, पण कोणती?

मैत्रिणींनो, मुंगीच्या किती जाती सांगता येतील तुम्हाला? लाल चावणारी, काळी न चावणारी आणि मोठी असली की मुंगळा. झालं! आपलं स्वयंपाकघरातलं शास्त्र इथंच संपतं. शास्त्रज्ञांनी २०१६ साली भारतातल्या मुंग्यांची यादी केली, तेव्हा जाती-उपजाती मिळून ८२८ भरल्या. आणि काळी चावत नाही हे तर साफ खोटं.

परतवाड्याहून धारणीच्या रस्त्यानं घटांग मागं टाकलं की पुढं सिपना नदीकाठी सेमाडोह लागतं. मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४ सालचा, त्यामुळं येणारा पाहुणा आधी वाघ विचारतो. मी बचत गटाच्या कामानं जाते. तिथल्या बायकांच्या बोलण्यात मात्र वाघापेक्षा मुंगी जास्त! पहाटे मोहफुलं वेचायची, तेंदूपत्ता तोडायचा, सरपणाची मोळी डोक्यावर आणायची. यात रोजची गाठ पडते ती मुंगीशीच. एका पोरीच्या मानेला अशीच मुंगी डसली. "इचू चावल्यावानी आग झाली, ताई," तिची आई सांगत होती. कशी होती विचारलं तर म्हणाली, "डोस्कं काळं, मधात लाल, मांगून काळी, अन् लांबट."

वर्णन इतकं चोख की पुस्तक उघडायचीही गरज नाही. टेट्रापोनेरा रुफोनायग्रा. ही वाळक्या, पोकळ लाकडात घर करते, म्हणून मोळीतून थेट मानेवर येते. गांधीलमाशीसारखा तिच्या शेपटाकडे डंख असतो. बहुतेकांना आग आणि सूज येऊन थांबतं. पण एखादीला ते विष सोसत नाही. अंगावर पित्त उठलं, ओठ-जीभ सुजली, दम लागला, चक्कर आली, तर चुना-हळदीत वेळ घालवू नका, तडक दवाखाना गाठा. मोळी उचलण्याआधी जमिनीवर दोन-तीनदा आपटली तर निम्मं काम तिथंच होतं.

आपला अंगणातला मोठा काळा मुंगळा म्हणजे कॅम्पोनोटस. त्याला डंख नाही. तो जबड्यानं चावतो आणि जखमेवर आम्ल सोडतो, म्हणून चुरचुरतं. कपाशीवरचा मावा ठाऊक आहे ना? हे मुंगळे माव्याला गायीसारखं सांभाळतात, त्याच्या अंगातून निघणारा गोड रस पितात. शेंड्यावर मुंगळ्यांची ये-जा दिसली की पान उलटून बघावं.

झाडावर मातकट, फुटबॉलएवढा गोळा दिसला तर ते क्रेमॅटोगास्टरचं घर. हिचं पोट बदामाच्या आकाराचं. डिवचली की ते पाठीवर उलटं उचलते, तीच तिची खूण. तांबूस सुतार पक्षी तर चक्क हिच्याच घरट्यात पोखरून अंडी घालतो. शेजार निवडावा तर असा!

मला सगळ्यात नवल वाटतं ते डायाकामाचं. करडी-काळी, अंगावर बारीक रेघा, बहुधा एकटीच फिरते. दाराशी वाळक्या काड्या आणि पिसं रचून ठेवते. हिच्यात राणी नसतेच. कामकऱ्यांतलीच एक अंडी घालते आणि नवीन जन्मणाऱ्या बहिणींच्या पाठीवरचे इवलेसे कोंब कुरतडून टाकते. कोंब गेले की त्या बहिणी जन्मभर कामकरीच. भाऊबंदकी काय फक्त माणसांतच असते?

ओळखायची असेल तर आधी कंबर बघा. कंबरेवर एक गाठ आहे की दोन, यावरून अर्धी वाटणी होते. मग रंग, केस, पाठीवरचे काटे. मोबाईलवर तीन फोटो काढा: बाजूनं, वरून आणि तोंडाचा. कुठं सापडली, झाडावर की जमिनीत, तेही लिहून ठेवा. अजय नरेंद्र आणि सुनील कुमार यांचं दक्षिण भारतातल्या मुंग्यांवरचं इंग्रजी पुस्तक २००६ साली आलं, शाळेतल्या सरांना मागवायला सांगा. मात्र व्याघ्र प्रकल्पातून मुंगीसुद्धा डबीत भरून आणायची नाही. परवानगीशिवाय तो गुन्हा आहे.

आणि तो विषाचा खडू! बाजारात दहा-वीस रुपयांत मिळतो, दिसतो अगदी पाटीवरच्या खडूसारखा. रांगतं लेकरू असलेल्या घरात ती पांढरी रेघ मला बघवत नाही. साबणाच्या पाण्यानं ओटा पुसला तर मुंग्यांची वासाची वाट मोडते. डब्याखाली पाण्याची ताटली ठेवा, भिंतीची फट बुजवा.

उधई मात्र मुंगी नव्हे, ती झुरळाच्या नात्यातली. नागपंचमीला आपण पूजतो ते वारूळही बहुधा तिनंच बांधलेलं. पहिल्या पावसात दिव्याभोवती पंखवाले किडे आले की एक उचलून पंख बघा. चारही सारखे असतील तर उधई. पुढची जोडी मोठी अन् मागची लहान असेल तर मुंगी. उधई निघाली तर दाराच्या चौकटी आणि कपाटातले कागद त्याच रात्री तपासून घ्या.