वाळू तापवणाऱ्यावर कोणते कलम?

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या येतात, वाळूत अंडी पुरतात आणि समुद्रात निघून जातात. मागे अंडी उबवते ती वाळू. पिल्लू नर होणार की मादी, हेही वाळूची उष्णताच ठरवते. साधारण २९-३० अंशांना दोन्ही निपजतात; वाळू थंड असेल तर नर अधिक, तापलेली असेल तर माद्या. त्याहूनही तापली तर जीव अंड्यातच मरतो.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमध्ये हिरव्या कासवांची तपासणी झाली. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. उत्तरेकडच्या किनाऱ्यांवर जन्मलेल्या प्रौढ कासवांत माद्या सुमारे ८७ टक्के, तर लहान कासवांत ९९ टक्क्यांहून अधिक! या नव्या पिढीला नर कोठून मिळणार?

आम्ही वकील मंडळी, प्रत्येक गोष्टीत कलम शोधण्याची आम्हाला खोड. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे. अंडी चोरणाऱ्यावर गुन्हा नोंदवता येतो. पण वाळू तापवणाऱ्यावर? शतकभर कोळसा जाळून श्रीमंत झालेले देश आरोपीच्या पिंजऱ्यात येत नाहीत. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामान जपणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य ठरवले खरे, परंतु तो सल्लागार अभिप्राय. तो बंधनकारक नाही.

वेळासला अंडी कुंपणाच्या आत हलवून जपली जातात. कुंपणाने कुत्री-कोल्हे अडतात, ऊन अडत नाही. कोकणातील अशा प्रत्येक कुंपणात सावलीची जाळी आणि वाळूत तापमापक हवा, आणि त्याचा खर्च गावकऱ्यांच्या माथी न मारता सरकारने उचलावा, ही आमची मागणी आहे.