गाडी सुरू होते. पण पोहोचते का?

जुन्या गाड्यांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा दोन प्रकारचे असते. एक रॅलीचे, त्यात चकचकीत क्रोम आणि फेटे बांधलेले मालक असतात. दुसरे आठवणींचे, त्यात मागच्या सीटवर दाटीवाटीने बसून केलेले कोकणातले प्रवास असतात. दोन्ही वाचायला छान वाटतात. पण एक साधा प्रश्न त्यांत कोणी विचारीत नाही. ही गाडी उद्या सकाळी मला साताऱ्याला नेऊन संध्याकाळी परत आणील काय?

वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी नुसती सुरू करणे हे फारसे अवघड काम नाही. चांगली बॅटरी, घासून साफ केलेले पॉइंट आणि कार्बोरेटरमध्ये चमचाभर ताजे पेट्रोल एवढ्या भांडवलावर पुष्कळशी जुनी इंजिने खोकत का होईना, पण उठतात. भोवती जमलेली मंडळी टाळ्या वाजवतात, फोटो निघतात, पेढे वाटले जातात. खरे काम त्यानंतर सुरू होते आणि बहुतेक ठिकाणी ते होतच नाही. म्हणून पेढे खाऊन झालेल्या कितीतरी गाड्या आज पुन्हा शेडमध्ये धूळ खात उभ्या आहेत.

मी चौतीस वर्षे बँकेत काढली. त्यांतली बरीचशी थकलेल्या कर्जांच्या मागे गेली. तिथे एक गोष्ट पक्की शिकलो. तीन-चार हप्ते बुडवलेला कर्जदार एक दिवस शाखेत येतो, एक हप्ता भरतो आणि 'साहेब, खाते चालू झाले' म्हणून चहा मागवतो. खाते चालू झालेले नसते. सगळी थकबाकी फिटल्यावाचून ते नियमित मानता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचाच दंडक आहे. उभी राहिलेली गाडी हे असेच थकीत खाते असते. ब्रेक, टाकी, रेडिएटर, तारा, टायर, कागदपत्रे, प्रत्येकाची थकबाकी निराळी आणि प्रत्येकाचे व्याज निराळे.

माझ्या वाट्याला आलेले खाते म्हणजे वाईच्या काकांची १९६८ची फियाट अकराशे डिलाइट. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी. चार सिलिंडरांचे १०८९ सी.सी.चे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गियर, चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. हीच गाडी पुढे १९७०च्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून सगळ्यांना ठाऊक झाली. तिच्या आधीच्या गोलमटोल फियाटला आपल्या लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हटले, ते नाव अजूनही टिकून आहे. आमच्या काकांची मात्र डुक्कर नव्हे. काका डॉक्टर. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहण्याच्या त्या काळात मिळालेली ही गाडी त्यांनी रात्री-अपरात्री आसपासच्या खेड्यांतून फिरवली. अडलेल्या बायका तिच्यातून दवाखान्यात आल्या. काका २०१२ साली गेले आणि गाडी परसातल्या पत्र्याखाली गेली.

दोन वर्षांपूर्वी वाडा पाडून इमारत बांधण्याचे ठरले आणि परसही जाणार हे नक्की झाले. भंगारवाल्याने बावीस हजार सांगितले. चुलतभाऊ परदेशात, त्याने फोनवरून 'तुम्ही ठरवा' म्हटले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या काकूंनी मला बोलावून घेतले आणि अट घातली. ''हे बघ, चालती असेल तर ने आणि चालव. रंग देऊन कुठे शोभेला उभी करणार असशील तर नको. आणि चालते असं नुसतं तोंडानं सांगू नकोस. मला साताऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने आणि वाटेत न थांबता परत आण. जमलं तर गाडी तुझी. नाहीतर त्या भंगारवाल्याला बोलाव. इमर्जन्सीला निघालेली गाडी वाटेत बंद पडली, तर आतल्या माणसाचं काय होतं ते तुझ्या काकांना विचारायला हवं होतंस.''

वाईतच एक मिस्त्री भेटले. वय अडुसष्ट. तरुणपणी मुंबईत टॅक्सींच्या गॅरेजमध्ये बारा वर्षे काढलेली. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बोनेट उघडलेही नाही, आणि म्हणाले, ''साहेब, किल्लीला महिनाभर हात लावायचा नाही.'' तिथेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

क्रम त्यांनीच ठरवला. आधी थांबणे, मग चालणे. म्हणजे पहिले काम ब्रेकचे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि त्या पाण्याने सिलिंडर आतून गंजतात. चारही चाकांचे सिलिंडर जाम निघाले. त्यातून या गाडीत मास्टर सिलिंडरचा मार्ग एकच, कुठेही गळती झाली की चारही ब्रेक एकदम गेले. त्यामुळे इथे 'तूर्त चालेल' हा शब्दच वर्ज्य. सिलिंडर, रबरी पाइप, धातूच्या नळ्या, लायनर, सगळे नवे. टायरवर नक्षी शाबूत होती. पण कडेला छापलेले शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. ते वाचल्यावर टायर बदलण्यावाचून गत्यंतर उरले नाही. रबर न धावताही म्हातारे होते.

मग टाकी. बारा वर्षांपूर्वीच्या पेट्रोलचे रोगणासारखे चिकट काहीतरी झाले होते आणि त्याखाली गंजाचा थर. टाकी उतरवून, आत साखळी घालून खळखळा हलवून धुतली. तारांचे वेगळेच दुखणे होते. उंदरांनी मागच्या सीटमध्ये घरटे केले होते आणि वायरिंग कुरतडले होते. तुटलेली तार दिसते. अर्धवट कुरतडलेली तार दिसत नाही आणि तीच पुढे रात्रीच्या वेळी घात करते. म्हणून तेही सगळे नवे घातले.

इंजिनाचा नंबर चौथा. प्लग काढून चारही सिलिंडरांत थोडे थोडे ऑइल सोडले, आठवडाभर मुरू दिले आणि पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवून पाहिले. इंजिन जड, पण फिरले. सेल्फच्या जोराने फिरवले असते तर चिकटलेल्या रिंगा तुटायची भीती होती. ऑइलची चेंबर उतरवली तेव्हा तळाशी काळा गाळ बोटभर साचलेला. या गाडीचे हेड अॅल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा. दोन धातू आणि मध्ये विहिरीचे क्षारयुक्त पाणी, हा संसार कधी सुखाचा होत नाही. हेडमधल्या पाण्याच्या वाटा कुरतडल्या गेल्या होत्या. त्या भरून घेतल्या, रेडिएटर साफ करवला आणि इथून पुढे डिस्टिल्ड पाणी व कूलंट याशिवाय काही घालायचे नाही असे वहीत लिहून ठेवले.

होय, वही घातली होती. तारीख, काम, खर्च आणि शेवटच्या रकान्यात 'परिणाम'. मिस्त्रींना आधी हसू आले. पुढे त्या वहीनेच आम्हाला तारले.

नवव्या आठवड्यात गाडी सुरू झाली. पेढे वाटले नाहीत. त्याआधी कागदांचे काम उरकले. काकांच्या पश्चात मालकी बदलण्यासाठी नमुना ३१, संपलेल्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी नमुना २५, पर्यावरण कर, विमा. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली निराळी 'व्हिंटेज' नोंदणी आणली आहे. तिचा नंबर वेगळा असतो, त्यात 'व्हीए' ही अक्षरे येतात. सुरुवातीची फी वीस हजार. ऐकायला रुबाबदार. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा कामांपुरतीच काढता येते. काकूंची अट नेमकी उलटी होती. आम्ही साधी नोंदणी चालू ठेवली. गाडी टोच्या ट्रकवर चढवून तपासणीला नेली आणि पासिंग झाल्यावरच रस्त्यावर आणली.

आणि तेव्हा खरा आजार दिसला. गाडी वीस-पंचवीस मिनिटे झकास चालायची, मग आचके देऊन बंद. पंधरा मिनिटे थांबले की पुन्हा सुरू. असा आजार सर्वांत वाईट, कारण गॅरेजमध्ये आणली की रोगी ठणठणीत. बघ्यांचे सल्ले सुरू झाले. कोणी म्हणाले कॉइल तापते, कोणी म्हणाले कंडेन्सर, कोणी म्हणाले उन्हाने नळीत पेट्रोलची वाफ होते. सगळेच शक्य होते. अशा वेळी माणूस चार भाग एकदम बदलतो. गाडी बरी झाली तर कशाने हे कळत नाही आणि न झाली तर चार नव्या भागांवर संशय घ्यावा लागतो. बँकेत हिशेब जुळत नसेल तर चार नोंदी एकदम फिरवीत नाहीत. एकेक नोंद तपासतात. आम्ही ठरवले, एका वेळी एकच बदल, आणि बंद पडेल तिथेच, त्याच क्षणी तपासणी.

पसरणीच्या घाटात ती बंद पडली. वाईहून पाचगणीला चढणारा हा घाट जेमतेम बारा-तेरा किलोमीटरांचा, पण गाडीची कसोटी बघणारा. मिस्त्रींनी प्रथम प्लगची तार काढून ठिणगी पाहिली. निळी, दणकट. म्हणजे कॉइल आणि कंडेन्सर निर्दोष. मग कार्बोरेटरची वाटी उघडली. कोरडी! पेट्रोल पोहोचतच नव्हते. वहीत आधीच्या चार बंद पडण्यांच्या नोंदी होत्या. चारही वेळा गाडी बंद पडली ती टाकी भरून निघाल्यावर, आणि एकदा वाटेत पेट्रोल घेतले होते त्या दिवशी पुढे अडचण आली नव्हती. मी ते वाचून दाखवले. मिस्त्री काही न बोलता मागे गेले आणि त्यांनी टाकीचे झाकण फिरवले. 'फुस्स' असा आवाज झाला.

गंजलेल्या जुन्या झाकणाऐवजी बाजारातून नवे आणले होते. त्याला हवेचे छिद्रच नव्हते. पेट्रोल खर्च होईल तशी टाकीत पोकळी व्हायची आणि बिचारा पंप त्या पोकळीशी झुंजत हरायचा. थांबलो की कुठूनतरी हवा झिरपायची आणि गाडी पुन्हा शहाण्यासारखी सुरू. मिलिमीटरभर छिद्राचा प्रश्न. नवा भाग म्हणजे चांगला भाग, हे आता धरून चालता येत नाही. मुंबईत टॅक्सी होत्या तोवर फियाटच्या सुट्या भागांना रोजचे गिऱ्हाईक होते आणि खराब माल दुसऱ्याच दिवशी दुकानदाराच्या तोंडावर फेकला जाई. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ सालची. वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३मध्ये त्या रस्त्यावरून गेल्या. टॅक्सी गेली तशी मालाची परीक्षा घेणारा तो कठोर परीक्षकही गेला.

पेट्रोलही आता तेव्हाचे नाही. शिसे २००० सालीच गेले, ते चांगलेच झाले. आज पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या जातीचे रबर फुगवते, नरम करते. म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारे घातले. गाडी पंधरा दिवसांपेक्षा जास्त उभी ठेवायची नाही, हा नियम केला. उभी ठेवून जपलेली गाडी लवकर मरते. या गाड्यांना चालवणे हीच त्यांची देखभाल आहे.

एकूण खर्च एक लाख त्रेसष्ट हजार. बँकेच्या नजरेने हे कर्ज मी मंजूर केले नसते. तारण बावीस हजारांचे आणि उचल सातपटीहून अधिक. पण ज्या गाडीने कोणाकोणाला वेळेवर पोहोचवले, तिची किंमत भंगाराच्या वजनावर काढायची का, हा प्रश्न बँकेच्या कुठल्याच नमुन्यात बसत नाही.

काकूंना विचारण्याआधी मी एकट्याने सहाशे किलोमीटर चालवली, त्यांत चार वेळा घाट. मग एका सोमवारी सकाळी साताऱ्याला निघालो. काकू पुढच्या सीटवर, मांडीवर पिशवी. पाचवडला हमरस्ता लागला, ट्रक अंगावरून घोंगावत गेले, काकू काही बोलल्या नाहीत. डॉक्टरांनी मोतीबिंदू पिकल्याचे सांगून शस्त्रक्रियेची तारीख दिली. परतीच्या वाटेवर त्यांनी तो कागद घडी घालून पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, ''बारा तारखेला सकाळी सातला बोलावलंय. साडेपाचला ये. आणि आदल्या दिवशी ते झाकण एकदा बघून घे.''