शेरा मारणारे साहेब

आमच्या शाखेतील ‘चौकशी’ अशी पाटी असलेली खिडकी यंदा पावसाळ्याच्या तोंडी बंद झाली आणि तिच्या जागी पासबुक छापणारे यंत्र बसविण्यात आले, ही घटना लोणारसारख्या गावी कोणाच्या विशेष लक्षात येण्याजोगी नाही. परंतु ज्याने आयुष्याचा बराच काळ त्या खिडकीपुढे, आणि त्यातला बहुतेक संतापात, घालविला आहे, त्याला हा बदल निमूटपणे सोसवत नाही.

१९६९ च्या जुलैत चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ च्या गांधीजयंतीला पहिल्या प्रादेशिक ग्रामीण बँका निघाल्या, आणि सावकाराखेरीज दुसरेही कोणी कर्ज देऊ शकते हे आमच्या मुलखाला हळूहळू पटू लागले. हा इतिहास सर्वश्रुत असल्याने त्यावर शाई खर्च करीत नाही.

माझ्या स्मरणात ठाण मांडून बसले आहे ते १९८० नंतरचे दशक. पैसे काढण्याची चिठ्ठी आत सरकवावी, पितळी टोकन घ्यावे, आणि मग ती चिठ्ठी जाडजूड लेजरांच्या व अधिकाऱ्यांच्या सह्यांच्या वाटेने रोखपालापर्यंत पोहोचेतो भिंतीवरील बचतीची सुभाषिते पाठ करीत बसावे, असा तो क्रम होता. मुंबईचा चेक वटायला पंधरवडा, प्रसंगी महिनाही लागे आणि वर वटणावळ कापली जाई ती निराळीच. कापसाच्या एकाधिकार खरेदीचे ते दिवस. चुकाऱ्यांतून कर्जाची वसुली परस्पर वळती झालेली पाहून हिरमुसलेले शेतकरी शाखेच्या पायरीवर बसलेले असत, आणि तिकडे केंद्रातील राज्यमंत्री जनार्दन पुजारी यांच्या कर्जमेळ्यांतून म्हशींसाठी कर्जे वाटली जात, ज्यांतील काही म्हशी कागदावर जन्मल्या आणि कागदावरच मेल्या असे गावात उघड बोलले जाई.

त्या काळाचे गोडवे गाण्याची मला मुळीच इच्छा नाही. आमच्या शाखेचे तत्कालीन व्यवस्थापक हे तर उद्धटपणाचा मूर्तिमंत अवतार होते. माझ्या सहीतील ‘र’ची शेपटी नमुना सहीशी जुळत नाही या सबबीवर त्यांनी भर लग्नसराईत माझेच पैसे मला देण्यास नकार दिला, आणि मी हुज्जत घातली तेव्हा माझ्या अर्जाच्या समासात, लाल शाईने, ‘सही जुळत नाही, सबब नामंजूर’ असा शेरा मारून खाली स्वतःची ठसठशीत सही व तारीख घातली. त्याच शेऱ्याची नक्कल जोडून मी विभागीय कचेरीकडे कैफियत धाडली; यथावकाश साहेबांना लेखी खुलासा द्यावा लागला, माझे पैसे मिळाले, आणि त्यानंतर बदली होईपर्यंत ते मला ‘या, गुरुजी’ असे दात आवळून म्हणत राहिले. हा सूड क्षुद्र होता खरा, पण तो घेता आला, कारण नकार देणाऱ्या इसमास नाव होते, हुद्दा होता आणि आपल्या नकाराखाली सही करण्याची त्याच्यावर सक्ती होती.

पुढील दोन दशकांत संगणक आले, लेजरे माळ्यावर गेली, ‘लिंक नाही’ हे वाक्य मराठीत रूढ झाले. त्यांत सांगण्याजोगे फारसे नाही. २०१२ साली रिझर्व्ह बँकेने आमच्या बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेला नव्या ठेवी घेण्यास मनाई केली, तेव्हा ठेवीदारांचा जीव टांगणीला लागला. तथापि जाब विचारायला जावे असे एक दार तरी जिल्ह्यातच होते. मग २०१६ साली एप्रिलात यूपीआय आले आणि नोव्हेंबरात नोटाबंदी, आणि आम्ही सर्वजण बघता बघता भ्रमणध्वनीचे आश्रित झालो.

गेल्या हंगामात बियाण्याच्या दुकानी भरलेली माझी रक्कम खात्यातून वजा झाली आणि दुकानदाराला पोचली नाही. २०१९ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाप्रमाणे अशी रक्कम पाच दिवसांत आपोआप परत यावी, आणि न आल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसामागे शंभर रुपये भरपाई मिळावी. नियम उत्तम आहे. परंतु त्याचा आधार घेऊन बोलायचे कोणाशी? शाखेत म्हणतात, ‘हे वरून असते.’ ग्राहकसेवेच्या क्रमांकावर बराच वेळ संगीत ऐकविल्यानंतर एका अत्यंत मृदुभाषी कन्येने मला हिंदीत विचारले की लोणार म्हणजे लोणावळाच ना. येथील खाराच्या उत्पन्नाची दखल अकबराच्या दरबाराने आइन-ई-अकबरीत घेतली होती, ही माहिती मी तिला देऊ लागलो, पण तोवर संपर्क तुटला. दुसऱ्या दिवशी संदेश आला, ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.’ पैसे नव्हतेच, आणि निराकरण कोणी केले त्याचे नावही नव्हते. जुन्या साहेबांनी असला मजकूर स्वतःच्या सहीनिशी लिहून देण्याचे धाडस केले नसते.

तीस दिवसांत दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, आणि २०२१ पासूनच्या एकात्मिक योजनेखाली ती फिर्याद प्रथम चंदीगडच्या केंद्रात दाखल होते. बुलढाणा आम्हाला लांब वाटे, ते नव्वद-शंभर किलोमीटरांवर. आता आमचे गाऱ्हाणे पंजाबच्या वेशीवर रुजू व्हायचे. मी तेही मराठीत लिहून धाडले आहे.

बँकांच्या ग्राहकसेवेचा विचार करण्यासाठी १९७५ साली तलवार समिती बसली, १९९० साली गोयपोरिया समिती आणि २०१० साली दामोदरन समिती. त्यांनी खिडक्यांच्या वेळांपासून यंत्रांच्या सुरक्षिततेपर्यंत पुष्कळ काथ्याकूट केला. माझी मागणी एका ओळीची आहे: तक्रार निकाली काढणाऱ्याने उत्तराखाली आपले नाव, हुद्दा आणि तारीख घालावी. वाटल्यास लाल शाईने घालावी, आणि हव्या तितक्या उद्धटपणाने. त्याचे काय करायचे ते मला ठाऊक आहे.